बेचाळीस नंबरची नाळ

मशहदच्या इस्पितळात मी काय करते, असं कुणी विचारलं तर मी सांगते, नाळा गोळा करते. समोरचा माणूस आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प होतो. बाळंतिणींच्या वॉर्डात सव्वीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर तोंड असंच होतं, त्याला माझा इलाज नाही.

इस्पितळाच्या मागं, तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर साबेतींची प्रयोगशाळा आहे. त्यांना नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या नाळा हव्या असतात. सुरुवातीला त्यांनी पांढरे कोट घातलेली पोरं फॉर्म घेऊन वॉर्डात पाठवली. आज्यांनी त्यांना असं काही फैलावर घेतलं की पोरं जिन्यातूनच परत फिरली. मग डॉक्टर माझ्याकडे आले. म्हणाले, "मुनीरखानम, तुमचं त्या ऐकतील." मी म्हटलं, "ऐकणार नाहीत, पण मला जिन्यातून ढकलणारही नाहीत."

नाळेत सायीसारखा चिकट गर असतो. त्यातल्या पेशी काढून ही मंडळी काचेच्या भांड्यात वाढवतात. वाढता वाढता त्या पेशी आजूबाजूच्या पाण्यात बारीक कण सोडतात, छोट्या छोट्या बांधलेल्या पुड्याच म्हणा. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत इतक्या बारीक. डॉक्टर म्हणतात, त्या पुड्यांत निरोप असतो: भांडण थांबवा, डागडुजीला लागा. विषाणू फुप्फुसात शिरला की शरीर इतकं पिसाळतं की विषाणूपेक्षा तेच घराची जास्त मोडतोड करतं. अशा वेळी या पुड्या वाफाऱ्यातून छातीत सोडायच्या. औषध सिद्ध झालेलं नव्हतं. कोरोनाच्या त्या हिवाळ्यात आधी फक्त बारा रुग्णांना देऊन बघायचं होतं, निदान अपाय तरी होत नाही ना, एवढंच.

आता आज्या का भांडायच्या ते सांगते. आमच्याकडे नाळ जिथं पुरावी तिथं पोराचं नशीब बांधलं जातं. आठवड्याभरात गळून पडणारा तो वाळका तुकडा कुणी शाळेच्या आवारात पुरतं, कुणी सोनाराच्या उंबऱ्याशी, मुलीचा असेल तर घरच्या अंगणात, म्हणजे ती फार भटकणार नाही. माझा कुठं पुरला देव जाणे, बहुतेक बसस्टँडवर. तर मी आज्यांना समजवायची, "हाजखानम, गळणारा तुकडा तुमचाच. मी नेते तो कापलेला लांब भाग, एरवी कचऱ्यात जाणारा. आणि तो जातोय कुठं? डॉक्टरांच्या हातात. मग नातू कोण होणार?" आजीचे डोळे लकाकायचे आणि सुनेची सही व्हायची. त्या एका वर्षात मी चाळीस डॉक्टर तयार केले.

एक्केचाळिसावा मात्र मला जड गेला.

पानगळीचे दिवस होते. सकाळी दोन सिझेरियन झाली होती. एका खाटेवर नस्तरन नावाची शिक्षिका, तिला मुलगा. शेजारच्या खाटेवर सीमेपलीकडच्या हेरातहून आलेली झरगुना, तिला मुलगी. नवरा वीटभट्टीवर, त्यामुळं तिच्या उशाशी कुणी नव्हतं. नस्तरनची सासू मात्र दोघींना पुरेल एवढी होती. डोक्यावरून घेतलेल्या काळ्या चादरीचं टोक दातांत धरलेलं, एका हातात काचीचा, म्हणजे बाळंतिणीच्या गोड लापशीचा थर्मास. बाळंतिणीला पहिल्या दिवशी काची खायची नसते म्हणून मी सांगत होते, तर तिनं माझं वाक्य मध्येच तोडलं.

"तू ती नाळवाली का?"

"मी मुनीर. हो, नाळवालीच."

"मी तूबा. या पोराची आजी. फॉर्मवर सही सून करेल, पण विचारायचं मला."

मी माझं नेहमीचं पुराण सुरू केलं. नातू डॉक्टर होणार, इथपर्यंत पोचले तरी तिचे डोळे लकाकले नाहीत. तिची नजर माझ्या पायाशी ठेवलेल्या थंड डब्यावर होती.

"हिची पण यातच?" तिनं झरगुनाकडे हनुवटी केली.

"हो. वेगवेगळ्या बाटल्यांत."

"डबा एकच ना? दोन पोरांचं नशीब एका डब्यात घालतेस, उद्या गुंता झाला तर सोडवायला तू येणार आहेस?"

झरगुना उशीवरूनच हसली. "खालाजान, माझ्या पोरीचं नशीब चावत नाही हो कुणाला."

"तुझ्या पोरीला मी काही बोलले का, बाई? तिला उदंड आयुष्य लाभो. एकाचं दुसऱ्याला लागू नये, एवढंच म्हणते. कसं असतं ते मला माहितेय." मग ती माझ्याकडे वळली. "दोन खेपा कर."

लिफ्ट बंद होती. खाली एक मजला, मागचं आवार ओलांडायचं, मग वर तीन मजले. मी दोन खेपा केल्या, आणि प्रत्येक पायरीवर त्या म्हातारीच्या सात पिढ्यांची आठवण काढली. नस्तरनच्या बाळाच्या नाळेला नंबर मिळाला एक्केचाळीस, झरगुनाच्या मुलीच्या नाळेला बेचाळीस.

दुसऱ्या खेपेआधी झरगुनानं मला हात धरून थांबवलं. "फॉर्मवर नाव कुठं लिहायचं तिचं?"

"नाव नसतं लिहायचं. नंबर असतो. कुणाची नाळ कुणाला कळू द्यायची नाही, असा नियम आहे."

"मग निदान तोंडानं तरी म्हणा एकदा. परस्तू."

"परस्तू," मी म्हटलं. तिचं समाधान झालं.

तूबाखानमचं झालं नव्हतं. दारापर्यंत माझ्या मागं आली. "आमची नाळ कुणाच्या छातीत गेली ते मला येऊन सांगायचं."

"सांगता येत नाही."

"मग तो माणूस माझ्या नातवाचा लागेल कोण?"

"चुलतभाऊ समजा," मी म्हटलं आणि दार लोटून घेतलं.

चार महिन्यांनी, बर्फाच्या दिवसांत, ती मला पुन्हा दिसली. या वेळी आडवी.

फुप्फुसाच्या वॉर्डात वाफाऱ्याची बाटली पोचवणं आणि संमतीच्या फॉर्मवर सह्या घेणं हेही आपसूक माझ्याच गळ्यात आलं होतं. डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असायची मी, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल. आईनंही ओळखलं नसतं. या बाईनं ऑक्सिजनच्या मास्कमागून ओळखलं.

"नाळवाली," ती म्हणाली. "आमच्या पोराचं आण ते."

ऑक्सिजनच्या मीटरवर शहाऐंशी दिसत होतं. सकाळी नव्वद होतं, असं तिच्या कागदावर लिहिलं होतं. ताप येऊन सहावा दिवस.

बारापैकी अकरा रुग्ण झाले होते. एक जागा शिल्लक होती. मी धावत डॉक्टर साबेतींकडे गेले. त्यांनी तिची फाइल उघडली, जन्माचा दाखला बघितला आणि बंद केली.

"अठ्ठ्याहत्तर. आपली मर्यादा पंचाहत्तरची."

"तीन वर्षांनी काय बिघडतं?"

"तीन वर्षांनी बिघडत नाही, मुनीरखानम. कुणासाठी तरी वाकवलं की बिघडतं." ते चिडले नव्हते, थकले होते. दोन रात्री घरी गेले नव्हते. "आणि तिचा ताप सहाव्या दिवसावर आहे. सातवा संपायच्या आत पहिला वाफारा द्यावा लागतो. उद्या संध्याकाळपर्यंत. मला दुसरा कुणी रुग्ण सुचवा."

मी दुसरा कुणी सुचवला नाही. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. दोन खेपा करायला लावणाऱ्या बाईबद्दल माणसाला एक प्रकारची आपुलकी वाटू लागते. मी परत जाऊन तिच्या खाटेशी बसले आणि वय बसत नाही म्हणून सांगितलं.

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग मास्कच्या आतून आवाज आला.

"ते वय माझं नाही."

"खानम, दाखल्यावर..."

"दाखला पण माझा नाही. ऐक. मला दम लागतो, मध्ये बोलू नकोस."

मग तिनं सांगितलं, एका वाक्यानंतर चार श्वास घेत. निशापूरच्या पलीकडे डोंगरात त्यांचं गाव. आईबापांना पहिली मुलगी झाली, तूबा. बापानं गाढवावरून दोन दिवसांची वाट तुडवून तिचा दाखला आणला. तीन वर्षांची असताना ती गोवरानं गेली. दाखला रद्द करायला पुन्हा दोन दिवस कोण जाणार? तो संदुकीत तसाच राहिला. वर्षानं दुसरी मुलगी झाली.

"घरात कागद होता, मुलगी नव्हती. मग मुलगी आली. बाबा म्हणाले, देवानं सोय केली."

"मग तुमचं नाव?"

"गुलअंदाम." ती किंचित हसल्यासारखी वाटली. "आई म्हणायची. कानात, कुणी नसताना. आई गेली तेव्हापासून कुणी म्हटलं नाही."

"तुमच्या मुलाला ठाऊक आहे?"

"त्याच्या बापालासुद्धा नव्हतं. निकाह तूबाशी लागला ना त्याचा! मग मी कोण, ही पंचाईत नको म्हणून गप्पच बसले. पंचावन्न वर्षं बसले."

मी मान खाली घातली, कारण ढालीच्या आत डोळे पुसता येत नाहीत. मग माझ्यातली नर्सबाई जागी झाली आणि मी विचारलं, "पुरावा आहे?"

"बाबांनी कुराणाच्या मागच्या पानावर लिहिलंय. दोघींचं. पुतण्याकडे आहे ते, गावात."

नातेवाइकांना आत सोडत नव्हते. तिचा मुलगा यदुल्लाह दोन दिवसांपासून आवारातल्या चिनाराखाली उभा होता. एअरकूलर दुरुस्त करायचा धंदा, त्यामुळं हिवाळ्यात तसाही रिकामा. अडतीस वर्षांचा आडदांड माणूस. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"माझ्या आईचं नाव तूबा नाही?"

"नाही."

"मग मी इतकी वर्षं..." तो माझ्याकडे वाकला. "काय म्हणालात नाव?"

"गुलअंदाम."

"सुंदर आहे," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याला दोन मिनिटं रडू दिलं आणि मग खेकसले, "गाडी काढ! रस्त्यावर बर्फ आहे, आणि उद्या संध्याकाळपर्यंतच वेळ आहे."

दुसऱ्या दिवशी मीटर चौऱ्याऐंशी, मग ब्याऐंशी. दुपारचे बारा वाजले, एक वाजला. यदुल्लाहनं पानाचा फोटो पाठवला होता, पण डॉक्टरांना मूळ पान बघायचं होतं, आणि त्यांचं बरोबरच होतं. मोबाइलमध्ये आजकाल कुणाचंही डोकं कुणाच्याही धडावर लावता येतं. दोन वाजता गाडी आवारात शिरली. चाकांना साखळ्या तशाच होत्या. यदुल्लाहनं हिरव्या कापडात बांधलेलं कुराण दोन्ही हातांवर घेऊन मला दिलं, जसं बाळ देतात.

मी आणि डॉक्टर प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत बसलो. त्यांनी हात धुतले, मग कापड सोडलं. मागचं पान पिवळं पडलं होतं, कडा उंदरानं कुरतडलेल्या. बोरूनं लिहिलेलं, अक्षर मोठं, शेतकऱ्याचं. वर: तूबाचा जन्म, महिना, वर्ष. त्याच्याखाली: तूबा देवाघरी गेली, गोवर. आणखी खाली, वर्षानंतरची तारीख: गुलअंदामचा जन्म, देव हिला ठेवो. पानाच्या शिवणीत दोऱ्यानं टाचलेली कापडाची एक इवलीशी पुरचुंडी होती. डॉक्टरांनी ती बोटानं दाबून बघितली.

"हे काय?"

"नाळ," मी म्हटलं. "तिची. नशीब कुठं बांधावं ते बापाला सुचलं नसेल, म्हणून इथंच बांधलं."

डॉक्टरांनी दोन्ही जन्मांच्या तारखा बोटांवर मोजल्या. "माझा विश्वास बसतो," ते म्हणाले. "चौऱ्याहत्तर. पण माझ्या विश्वासावर बारावा रुग्ण घेता येत नाही. उद्या कुणी बोट दाखवलं की साबेतीनं वय बदललं, तर सगळं मोडीत निघेल. पुढं ज्या शेकडो लोकांना हे देऊन बघायचंय, त्यांचंही."

"मग विचारा ना त्या तुमच्या समितीला! की त्यांनापण कुराण दाखवायला गाडी काढू?"

त्यांनी फोन लावला. कुठल्या गोष्टीला परवानगी द्यायची आणि कुठल्या नाही, हे ठरवणाऱ्या समितीवर एक निवृत्त न्यायाधीश होते, मुहतशमी नावाचे. डॉक्टरांनी सगळं सांगून फोन टेबलावर ठेवला. पलीकडून चहा ढवळल्याचा आवाज येत होता.

"पहिल्या मुलीचा मृत्यू लिहिलाय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"हो."

"अक्षर एकच?"

"एकच आहे. शाई मात्र वेगळी दिसते."

"वेगळीच हवी. डोंगरातल्या शेतकऱ्याकडे चार वर्षं एकच दौत टिकली असती तर मी संशय घेतला असता." चमचा थांबला. "डॉक्टर, माझं नाव काय?"

डॉक्टर गडबडले. "आपलं? रहमतुल्लाह मुहतशमी."

"रहमतुल्लाह दोन वर्षांचा असताना हौदात पडून गेला. मी त्याचा धाकटा भाऊ. त्याच्या दाखल्यावर शाळेत गेलो, त्याच्या दाखल्यावर न्यायाधीश झालो, आणि त्याच्यामुळं तीन वर्षं आधी घरी बसलो. चाळीस वर्षं कोर्टात मी असली पानं बघितलीयत. आमच्या वयाच्या माणसांत हे घरोघरी सापडेल तुम्हाला." ते खाकरले. "फाइलीत दोन्ही वयं लिहा. पानाचा फोटो लावा. माझी लेखी संमती आत्ता पाठवतो, बाकीच्या सभासदांना मी फोन करतो. आणि बाईंना सही त्यांच्या स्वतःच्या नावानं करू द्या."

साडेतीन वाजता सगळ्यांची संमती आली. मी फॉर्म घेऊन वॉर्डात गेले तेव्हा ती निळी पडायला लागली होती. मी मोठ्यानं सगळं वाचून दाखवलं: हे औषध सिद्ध झालेलं नाही, गुण येईलच असं नाही, कधीही नाही म्हणता येईल. तिनं मान हलवली. मी पेन हातात दिलं. ते कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं.

"काय झालं?"

"मला लिहिता येत नाही ते. प्रौढांच्या वर्गात तूबा लिहायला शिकवलं त्यांनी. हे कुणी शिकवणार?"

मी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या डोळ्यांसमोर धरलं. तिनं बघत बघत फॉर्मवर उतरवलं. मध्ये दोनदा मीटर केकाटलं, दोनदा मी तिचा हात खाली ठेवून तिला श्वास घ्यायला लावला. पाच वर्षांच्या पोरीसारखं वाकडंतिकडं अक्षर, ओळ सोडून खाली घसरलेलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी हजारो सह्या घेतल्या असतील. ही एक बघताना माझ्या ढालीवर आतून धुकं साचलं.

मग गोठवणीतून बाटली आली. कुठली बाटली काढायची ते प्रयोगशाळा ठरवते, माझा त्यात हात नसतो. मी फक्त चिठ्ठीवरचा नंबर वाचून वहीत लिहायचा. मी वाचला. बेचाळीस.

पुन्हा वाचला. बेचाळीसच होता.

दोन खेपा, चार मजले, आणि शेवटी हे. मी बाटलीतलं पाणी वाफाऱ्याच्या वाटीत ओतलं. साध्या पाण्यासारखंच दिसतं ते. मास्कमध्ये पांढरं धुकं भरलं. तिनं माझं मनगट धरलं.

"आमचंच ना हे?"

"बोलू नका. श्वास घ्या," मी म्हटलं.

पाच दिवस, रोज दोनदा. दुसऱ्या दिवशी काही फरक नाही. तिसऱ्या दिवशी मीटर खाली गेलं आणि मी स्वच्छतागृहात जाऊन भिंतीला शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी ते स्थिरावलं. सातव्या दिवशी तिनं सूप मागितलं, चाखलं, आणि यात मीठ नाही म्हणून नर्सची हजेरी घेतली. वॉर्डातल्या सगळ्यांना तेव्हाच कळलं की बाई घरी जाणार. डॉक्टर साबेती मात्र अजूनही कुणाला काही बोलू देत नाहीत. म्हणतात, एक बाई बरी झाली म्हणजे औषध लागू पडलं असं होत नाही, कदाचित ती तशीही बरी झाली असती. खरं आहे ते. बारांतले दोघं गेले, त्यांतला एक तर माझ्यापेक्षा लहान होता. मला त्याचंही नाव पाठ आहे.

तिला घरी सोडलं त्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं होतं. चाकाच्या खुर्चीतून मी तिला आवारात आणलं. फाटकाजवळ नस्तरन बाळाला घेऊन उभी होती. चार महिन्यांचा एक्केचाळीस नंबर, गालांचा नुसता गोळा. यदुल्लाह गाडी आणायला गेला होता. म्हातारीनं मला थांबायची खूण केली.

"आता बोलायला हरकत नाही ना? मग खरं सांग, नाळवाली. आमच्या पोराचं होतं ते?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. मी चाळीस आज्यांना चाळीस डॉक्टर दिलेली बाई. पण तिनं त्या दिवशी ज्या हातानं स्वतःचं नाव गिरवलं होतं, तोच हात माझ्या मनगटावर होता.

"नाही," मी म्हटलं.

तिनं नातवाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग त्या हेरातच्या मुलीचं."

मी हो म्हटलं नाही. नाही असंही मला म्हणता आलं नाही. आता ही माझी सालटी काढणार, म्हणून मी वाट बघत उभी राहिले. नशिबाचा गुंता, एकाचं दुसऱ्याला लागणं, सगळं ऐकायची माझी तयारी होती. ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, मी पाठीवरून हात फिरवला.

"म्हणजे पुन्हा तेच," ती म्हणाली. "आधी ती तूबा, बिचारीनं कागद दिला. आता ही. मी आपली आयुष्यभर दुसऱ्या पोरींच्या वाट्याचं खातेय." तिनं डोळे पुसले. "नाव काय तिचं?"

"सांगता येत नाही, खानम. नियम आहे. बेचाळीस नंबर."

"नंबरासाठी दुवा कशी मागू मी?"

"नुसती मागा ना. देवाला कळतं."

"तुला काय माहीत?" ती एकदम कडाडली, आणि लगेच आवाज खाली आणला. "ऐक, पोरी. मी आजारी पडले, सासरी गेले, पाच वेळा बाळंत झाले. दर वेळी माझ्या आईनं चारचौघांत हात पसरले ते तूबासाठी. नवऱ्यानं मागितलं तूबासाठी. लेकरांनी मागितलं तूबासाठी. सत्तर वर्षांच्या सगळ्या दुवा त्या तीन वर्षांच्या पोरीकडे गेल्या, तिला काही नको असताना. माझ्यापर्यंत एक तरी पोचली की नाही, मला अजून माहीत नाही. या मुलीची तरी भलतीकडे जायला नको."

सव्वीस वर्षं बाळंतिणींची आणि एक नाळांचं, अशा सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाचं नाव कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टर साबेतींना हे कळलं तर ते मला काढून टाकतील, आणि त्यांचं बरोबर असेल. मी तिच्या कानाशी वाकले. म्हटलं, "परस्तू."

तिनं ते दोनदा ओठांत घोळवलं. मग खुर्ची हरमच्या, आमच्या इमामांच्या दर्ग्याच्या, घुमटाकडे वळवायला सांगितली. मी वळवली. तिनं उजवा हात छातीवर ठेवला, त्याच छातीवर, आणि चादर सारखी केली.

"परस्तूसाठी," ती म्हणाली, चांगल्या मोठ्या आवाजात, ऐकणाऱ्याचा घोळ होऊ नये म्हणून. "मागणारी गुलअंदाम."